चांगली शाकाहारी पाककृती : कोठे शोधावी, कशी पारखावी?



दर वर्षी बारावीची तुकडी शाळेतून बाहेर पडते. त्यांतले बरेचसे विद्यार्थी पुणे, बेंगळुरू, हैदराबाद किंवा त्याहूनही दूरच्या गावी शिकायला जातात. पहिले दोन महिने वसतिगृहातले किंवा डब्याचे जेवण गोड लागते. नंतर घरी फोन येऊ लागतात : "आई, वरणाला फोडणी कशाची देतेस?" "आजी, साबूदाणा किती वेळ भिजवायचा?" मुलगा असो वा मुलगी, स्वतःपुरते शाकाहारी व पोषक जेवण रांधता येणे ही आजची गरज आहे. म्हणून या अंकात हा अभ्यासलेख आम्ही देत आहोत. त्यात चमचमीत पदार्थांची यादी नाही. चांगली पाककृती कोठे मिळते आणि मिळालेली पाककृती भरवशाची आहे की नाही हे कसे ठरवावे, एवढाच याचा विषय आहे. इतिहास किंवा विज्ञान शिकताना आपण साधनांची पारख करतो, तशीच ती इथेही करायची आहे.

१. पहिले साधन : घरची वही

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत एखादी जुनी वही असतेच. पाने पिवळी पडलेली, कडेला तेलाचे डाग आणि मजकूर शाईने किंवा पेन्सिलीने लिहिलेला. मराठी माणसे होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिली. त्यांच्या स्वयंपाकात महाराष्ट्राची चव तर राहिलीच, शिवाय इथला मका, गराडू, बाफले आणि शेवही आली. उसळ-पोहे हा इंदुरी नाश्ता दोन्हींच्या मेळातून झाला. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हा मेळ फारसा सापडत नाही, आणि हिंदी पुस्तकांत आपली आमटी व थालीपीठ सापडत नाही. आपल्या घरचा असा स्वयंपाक त्या वहीतच आहे.

परंतु येथे एक अडचण आहे. हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्याने आपली मुले ती वही घडाघडा वाचतात, पण अर्थ मात्र कळत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे दोन भाषांमधली ही फट आम्ही जवळून पाहिली आहे. एक उदाहरण घ्या. हिंदीत 'भूनना' हे एकच क्रियापद दोन कामांसाठी चालते. मराठीत 'भाजणे' म्हणजे साधारणपणे तेला-तुपाशिवाय कोरडे भाजणे, आणि 'परतणे' म्हणजे तेला-तुपात हलवत राहणे. वहीत "दाणे भाजून कूट करावे, मग कांदा परतावा" असे लिहिले असेल, तर ती दोन वेगळी कामे आहेत. तसेच शिजवणे, उकडणे, वाफवणे, आटवणे, कालवणे, मळणे, तिंबणे या प्रत्येक शब्दाची आच व हाताची कृती निराळी आहे. 'आधण' म्हणजे उकळायला ठेवलेले पाणी आणि 'मोहन' म्हणजे पिठात घातलेले गरम तेल किंवा तूप, ज्याला हिंदीत 'मोयन' म्हणतात. हे शब्द विसरले की वही कपाटात सुरक्षित राहूनही मुकी होते. भाषा गेली की चवही जाते, ती अशी.

२. नावांचा घोटाळा

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांनी पाककृती वाचताना जिन्नसांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे. काही जोड्या आम्ही मुद्दाम देत आहोत.

• मराठी अळू म्हणजे ज्याच्या पानांची वडी होते ते. त्याच्या कंदाला हिंदीत अरबी म्हणतात. हिंदी आलू म्हणजे बटाटा.
• मराठी मटकी हे कडधान्य आहे, हिंदीत मोठ. हिंदी मटकी म्हणजे पाण्याचे लहान मडके.
• मराठीत भाजी म्हणजे कोणतीही भाजी. आपल्याकडच्या हिंदीत भाजी म्हटले की बहुधा पालेभाजी समजतात.
• हिंदी सोया ही पालेभाजी म्हणजे आपला शेपू. त्याचा सोयाबीनशी संबंध नाही.
• चाकवत म्हणजे बथुआ, जवस म्हणजे अलसी, ओवा म्हणजे अजवाइन, चवळी म्हणजे लोबिया, कोहळा म्हणजे पेठ्याचे फळ, साय म्हणजे मलाई.
• भगर किंवा वरीचे तांदूळ आपल्या बाजारात मोरधन म्हणून मागावे लागतात.

अळूची गोष्ट केवळ गमतीची नाही. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजवल्यास घसा खाजतो. म्हणूनच अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालतात व ती पुरती शिजवतात. अळूच्या पाककृतीत आंबटाचा उल्लेखच नसेल, तर लिहिणाराने ती स्वतः केली आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

३. छापील पुस्तके

मराठीत पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचे. त्यात शाकाहारी व मांसाहारी दोन्ही पदार्थ आहेत, म्हणून शाकाहारी वाचकाने निवडून घ्यावे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घराघरांत पोहोचले. त्याचे मोठे बलस्थान म्हणजे वाटी-चमच्याचे माप. नव्याने संसार मांडलेल्या मुलीला तराजू नसतानाही त्यातून स्वयंपाक करता येई. मंगला बर्वे यांचे 'अन्नपूर्णा' हेही असेच विश्वासाचे पुस्तक आहे. विदुषी दुर्गा भागवत यांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९१० सालचा. त्यांचे 'खमंग' हे पुस्तक वाचले म्हणजे थोर अभ्यासकही स्वयंपाकाला केवढा मान देतात हे कळते.

इतर प्रांतांच्या शाकाहारी स्वयंपाकासाठीही उत्तम पुस्तके आहेत. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तु पार' हे तमिळ पुस्तक १९५१ सालचे. नावाचा अर्थ 'करून पाहा' असा आहे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतरही मिळते. तरला दलाल यांचे शाकाहारी पाककृतींचे पहिले इंग्रजी पुस्तक १९७४ साली निघाले.

जुने पुस्तक हाती आले तर मापे समजून घ्यावीत. वजनाचा शेर म्हणजे ८० तोळे, आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराचा सोळावा भाग छटाक, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. परंतु महाराष्ट्रात धान्य मापून देण्याचाही शेर होता आणि त्याच्या सोबतीला चिपटे, मापटे, पायली ही मापे होती. तो शेर आकारमानाचा, वजनाचा नव्हे. म्हणून 'एक शेर' वाचल्यावर लगेच ९३३ ग्रॅम लिहू नये. मजकूर वजनाचा आहे की मापाचा, ते आधी पाहावे.

४. प्राचीन ग्रंथ आणि 'प्राचीन' पदार्थ

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात अन्नाचे सविस्तर वर्णन आहे. मांडे, वडे, पुरिका यांची नावे त्यात आढळतात. इड्डरिका नावाचा पदार्थही आहे, पण तो उडदाचा आहे, त्यात आजच्या इडलीसारखा तांदूळ नाही. सतराव्या शतकातला रघुनाथ नवहस्त यांचा 'भोजनकुतूहल' हा ग्रंथही प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठा दरबारात सरफोजी राजे दुसरे यांच्या काळी 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिले गेले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर गेलेल्या मराठी माणसांनी आपल्या स्वयंपाकाची नोंद आपल्या भाषेत करून ठेवली, हे आपण माळव्यातल्या मराठी लोकांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

असे ग्रंथ इतिहासासाठी अनमोल आहेत, परंतु उद्याच्या डब्यासाठी ते पुरेसे नाहीत. आणि कोणी एखाद्या पदार्थाला 'हजारो वर्षांची परंपरा' म्हटले तर जरा थांबून विचार करावा. आपली उपवासाची साबूदाणा खिचडी घ्या. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, तसेच शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच ते जगभर पसरले. तमिळनाडूतील सेलम भागात साबूदाण्याचा उद्योग तर १९४० च्या दशकातला. म्हणून खिचडीची गोडी कमी होत नाही. आपल्या आज्यांनी नवा जिन्नस किती सहज आपलासा केला हेच यातून दिसते.

५. पाककृती पारखण्याचे सहा प्रश्न

आज मोबाईलवर एका पदार्थाच्या शंभर कृती क्षणात मिळतात. टंचाई पाककृतींची नाही, पारखीची आहे. साधन वही असो, पुस्तक असो की चलत्चित्र, पुढील सहा प्रश्न विचारावेत.

पहिला, माप दिले आहे का व ते कोणते? घरातल्या दोन वाट्या पाण्याने भरून मापून पाहा, एकीत १२५ मिलिलिटर मावेल तर दुसरीत २००. पाश्चात्त्य कप साधारण २४० मिलिलिटरचा. त्या कपात मैदा सुमारे १२० ते १२५ ग्रॅम मावतो, पण साखर सुमारे २०० ग्रॅम. सर्व जिन्नस एकाच वाटीने मापले तर प्रमाण टिकते. काही वजनाने आणि काही वाटीने घेतले की बिघडते.

दुसरा, 'झाले' हे कशावरून ओळखावे, ते सांगितले आहे का? "दहा मिनिटे भाजावे" यापेक्षा "रव्याचा रंग बदलून खमंग वास येईपर्यंत" हे जास्त उपयोगाचे. गॅस, कढई आणि हवामान प्रत्येक घरी वेगळे असते.

तिसरा, जिन्नसांची यादी व कृती जुळतात का? यादीत गूळ आहे आणि कृतीत तो कोठेच घातलेला नाही, असे असेल तर ती कृती तपासून लिहिलेली नाही.

चौथा, कृती सुरक्षित आहे का? राजमा याचे महत्त्वाचे उदाहरण. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. त्याने उलट्या-जुलाब होतात. राजमा निदान पाच तास भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मग मऊ शिजवावा. मंद आचेवर, उकळी न आणता, अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्याहूनही घातक ठरू शकतो. कुकरमध्ये नीट शिजवला की भीती नाही. जी कृती ही पायरी गाळते ती बाजूला ठेवावी.

पाचवा, 'शाकाहारी' म्हणजे नेमके काय? काही देशांच्या पुस्तकांत अंडी शाकाहारात धरतात. जेलाटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून होणारे चायना ग्रास वापरता येते. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, काही सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने. वुस्टरशर सॉसमध्ये परंपरेने मासळी असते. आपल्या देशात वेष्टनावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो तो पाहावा. मांसाहारी चिन्ह पूर्वी तपकिरी ठिपका होते, २०२० च्या नियमांनी ते तपकिरी त्रिकोण केले. परगावी किंवा परदेशी गेल्यावर हिरव्या ठिपक्याचा आधार नसेल, तेव्हा घटकांची यादीच वाचावी लागेल.

सहावा, एवढ्या जिन्नसांत, एवढ्या वेळात हे मला जमेल का? एका शेगडीच्या खोलीत राहणाऱ्याने बावीस जिन्नसांची कृती निवडू नये. मुगाची खिचडी, वरण-भात, पिठले, उसळ आणि दोन कोशिंबिरी एवढे आले तरी आठवडा निभावतो.

६. पोषणाची माहिती

पोषणासाठी ऐकीव गोष्टींवर न जाता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रकाशने पाहावीत. तिचे २०१७ चे 'भारतीय अन्नघटक तक्ते' ५२८ अन्नपदार्थांची माहिती देतात, आणि भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मिथिओनिन कमी, म्हणून वरण-भात किंवा उसळ-पोळी एकमेकांची उणीव भरून काढतात. वनस्पतीजन्य लोह शरीराला सहज मिळत नाही, परंतु सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर अधिक मिळते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत म्हणून शहाणपणाची आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर हेच लोह कमी शोषले जाते. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाने दूध-दही सोडू नये, आणि जे तेही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोय करावी.

७. एक उदाहरण : भुट्ट्याचा कीस

तोंडी पाककृती लेखी कशी करावी, याचा नमुना पाहू. घरी विचारल्यावर साधारण असे उत्तर येते : "कणसे किसायची, तुपात परतायची, थोडे दूध घालायचे, अंदाजे मीठ. झाले." बोलणारीला हे पुरते, कारण तिच्या हाताला सवय आहे. शिकणाऱ्याला पुरत नाही. तेव्हा तिच्या शेजारी उभे राहून, तिने घातलेली प्रत्येक वस्तू आधी वाटीत घेऊन मापावी. मग नोंद अशी होते :

कोवळी मक्याची कणसे ४, दूध १ वाटी, तूप २ मोठे चमचे, जिरे अर्धा लहान चमचा, हिंग चिमूटभर, हिरव्या मिरच्या २, मीठ व साखर चवीपुरती, अर्धे लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे. कणसे जाड किसणीवर किसावीत. तुपात जिरे, हिंग, मिरच्या यांची फोडणी करून कीस घालावा व मंद आचेवर परतत राहावे. कच्चा वास जाऊन तूप सुटू लागले की दूध व मीठ-साखर घालावी. झाकण ठेवून, मधून मधून ढवळत, दूध आटून कीस मऊ होईपर्यंत शिजवावा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळावे, वर कोथिंबीर व खोबरे पेरावे.

आता 'का' विचारा. कणसे कोवळीच का? जून दाण्यात दूधिया रस कमी व पिठूळपणा जास्त, कीस कोरडा होतो. लिंबू शेवटी का? दूध आटण्यापूर्वी आंबट घातले तर ते फाटते. आच मंद का? मक्यातले पीठ तळाला लागते. ज्या पाककृतीतल्या प्रत्येक पायरीचे 'का' सांगता येते, ती आपली झाली. मग कणसे सहा मिळोत की तीन, हात अडत नाही.

८. गृहकार्य (इयत्ता ८ वी ते १२ वी)

१) घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक शाकाहारी पाककृती ऐकून, मापून, मराठीत लिहा. कोणाकडून मिळाली, त्यांचे मूळ गाव कोणते आणि त्या ती कोणाकडून शिकल्या, हेही लिहा.
२) तिच्यातील पाच क्रियापदांचे हिंदी अर्थ लिहा. जेथे एका हिंदी शब्दाला दोन मराठी शब्द आहेत तेथे फरक स्पष्ट करा.
३) त्याच पदार्थाची दुसऱ्या साधनातली कृती शोधून वरील सहा प्रश्नांवर दोघींची तुलना करा.
४) पदार्थ मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहा. बिघडला तर का बिघडला तेही लिहा, त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

पालकांना आमची एक विनंती आहे. हे गृहकार्य मुलींचेच आहे असे समजू नये. मुलांनाही ओट्यापाशी उभे राहू द्यावे. आणि घरात जुनी वही असेल तर येत्या सुट्टीत ती बाहेर काढून, आजी किंवा आजोबा सोबत असताना, मोठ्याने वाचून घ्यावी. न समजलेल्या शब्दावर खूण करून त्याचा अर्थ समासात लिहावा. "अंदाजे" लिहिले असेल तेथे अंदाज किती, ते त्यांनाच विचारावे. पुस्तके दहा वर्षांनीही ग्रंथालयात मिळतील. वहीतल्या "अंदाजे"चा अर्थ सांगणारी माणसे मात्र आज घरात आहेत, आणि त्यांना विचारायला आजचाच दिवस चांगला.

सर्वांना शुभेच्छा.

— मुख्याध्यापक